तासाला २० मिनिटं जादा

निवृत्त माणसाने दिवसभर घरात बसू नये, हे मत माझं नव्हे. ते आमच्या हिचं. मला बसायला काहीच अडचण नव्हती. चौतीस वर्षं उभं राहून गणित शिकवल्यावर बसण्याचा थोडाफार हक्क आपल्याकडे जमा झालेला असतो, अशी माझी भाबडी समजूत होती. पण निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात मी कुकरच्या दोन शिट्यांमधलं अंतर मोजलं, त्याची सरासरी काढली, ती कागदावर लिहून फ्रीजला चिकटवली आणि चौथी शिटी उशिरा झाली म्हणून स्वयंपाकघरात जाऊन जाब विचारला. त्या संध्याकाळी हिने माझी चप्पल दाराकडे तोंड करून ठेवली.

लातुरात चौतीस वर्षं गणित शिकवणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे पोरगं पाळण्यातून खाली उतरलं की आईबाप उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियात चांगली बॅच कुठली, याची चौकशी सुरू करतात. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जो काही महाराष्ट्रभर गाजला, त्याचं सार एवढंच की सराव परीक्षा, तिच्या आधी तिचा सराव, आणि हे सगळं घड्याळ समोर ठेवून. त्या गिरणीतला मी जुना कामगार. एका गणिताला दीड मिनिट. दीडाचे दोन झाले की मी टेबलावर डस्टर आपटायचो. माझे विद्यार्थी डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, आणि अजूनही रस्त्यात भेटले की नमस्कार करायच्या आधी दचकतात.

तर औसा रोडच्या आतल्या गल्लीत एक घर आहे. चार कुटुंबांनी मिळून ते भाड्याने घेतलंय आणि त्यात त्यांची चार वयात आलेली मुलं एकत्र राहतात. मुलं म्हणायचं ते आईबापांच्या लेखी. सगळ्यात धाकटं तेहतीसचं. कुणाला बौद्धिक अक्षमता, कुणाला सेरेब्रल पाल्सी. या मंडळींचं बालपण कसंबसं निभतं. शाळा असते, आईच्या अंगात बळ असतं. मग आई सत्तरीची होते आणि रात्री दोन वाजता एकच प्रश्न छातीवर येऊन बसतो : आमच्यामागं याचं कसं? ज्यांना आईबापच नाहीत त्यांचं तर आणखी अवघड, कारण कायद्याने बालगृहाचा आसरा अठराव्या वर्षी संपतो, आणि अठरा पूर्ण झाली म्हणून मतिमंदत्व काही बालगृहात ठेवून येता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशा टाकून दिलेल्या शंभराहून अधिक मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं आणि अठरानंतरही त्यांना तिथेच राहू द्यावं म्हणून वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचं घर त्यामानाने अगदीच चिमूटभर. तिथे दुपारी दोन ते रात्री नऊ असा काळजीवाहक हवा होता. ‘शिकवण्याचा अनुभव असल्यास उत्तम’, असं सांगणाऱ्याने सांगितलं. मी मनात म्हटलं, अनुभव! चौतीस वर्षांचा आहे.

तोच नडला.

घर चालवणाऱ्या ताईंनी मला तीन दिवस शिकवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिला नियम सांगितला तो असा : “सर, हात खिशात ठेवायचे. त्यांना जमत असेल ते आपण करायचं नाही. अर्धं जमत असेल तर उरलेलं अर्धंच करायचं. एरवी हात खिशात.” मी म्हटलं, सोपं आहे. दुसरा नियम, सगळ्यांना अहो-जाहो. बाळा, राजा, सोन्या असलं काही चालणार नाही. हेही मी वहीत लिहून घेतलं, आणि वही पिशवीत घालून बाहेर आलो तर समोर एक गोरेगोमटे गृहस्थ बुटाची नाडी बांधत बसलेले. मी वाकून, शक्य तितक्या मधाळ आवाजात विचारलं, “काय करतंय आमचं बाळ?”

त्यांनी मान वर केली. कानावरचे केस पांढरे होते. वय वर्षं बावन्न.

“नाडी बांधूलालो, आजोबा,” ते म्हणाले.

हे नाना. दुसरे अण्णा, तिसरे बापू, चौथे दादा. खरी नावं अर्थातच वेगळी आहेत. माझंही बदला म्हणून मी ताईंना सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, तुमचं राहू द्या, लोकांना सावध राहता येईल.

आता अण्णा. अण्णा एक्केचाळीस वर्षांचे, डाउन सिंड्रोम. तुमच्या-माझ्या पेशीत गुणसूत्रं ४६ असतात, अण्णांकडे ४७. एकविसाव्या जोडीत एक जादा. म्हणूनच तर जागतिक डाउन सिंड्रोम दिन २१ मार्चला, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या एकविसाव्या तारखेला. ताई हे समजावून सांगत असताना मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, “म्हणजे अण्णांकडे आपल्यापेक्षा एक जास्त.” अण्णा शेजारीच होते. “एक जास्त,” ते म्हणाले, आणि तेव्हापासून बिस्किटं वाटताना सगळ्यांना दोन आणि स्वतःला तीन घेतात. हिशोब बरोबर असल्यामुळे मला काही बोलता येत नाही.

घरात चारचा चहा अण्णा करतात. त्यासाठी ओट्यावर चित्रांचा तक्ता लावलाय. चौदा चित्रं : हात धुणे, पातेलं घेणे, दोन कप पाणी, असं करत करत शेवटी कप धुवायला टाकणे. एका मोठ्या कामाचे असे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा पक्का करत जायचं, ही विशेष शिक्षणातली रीत. अण्णांना हा चहा पक्का व्हायला सात महिने लागले होते. एका रविवारी पालक भेटायला येणार होते, अण्णा पाचव्या चित्रापाशी साखरेचा डबा उघडत होते, घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या आतला डस्टर हलायला लागला. हात खिशातून कधी बाहेर आले मला कळलंच नाही. “अण्णा, आज मी करतो, तुम्ही बघा,” असं म्हणून मी पुढे झालो. आता इथे एक कबुली द्यायला हवी. साठ वर्षांच्या आयुष्यात मी चहा केलेला नव्हता. प्यालो भरपूर. पण ज्या माणसाला वर्तुळाचं समीकरण येतं त्याला चहा येणारच, अशा हिशोबाने मी पाचव्या चित्रावरून आठव्यावर, आठव्यावरून तेराव्यावर उड्या मारल्या, दूध उतू गेलं ते अंगठ्याने मागे ढकलायचा प्रयत्न केला, अंगठा भाजला, आणि एवढ्या धावपळीतही पाहुण्यांसमोर सहा कप वेळेत नेऊन ठेवले. नानांच्या आईंनी एक घोट घेतला आणि ओठावरून चहापत्ती अलगद काढून बशीच्या कडेला लावली. आत अण्णा बाराव्या चित्रावर बोट ठेवून उभे होते. गाळणीचं चित्र.

जन्मभर पोरांनी पायरी गाळली की मी अर्धा मार्क कापला. आज पायरी गाळली आणि चहा तेवढा गाळला नाही.

घरी येऊन अंगठ्याला तूप लावताना हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिथं चहा करता?” त्या ‘तिथं’मध्ये जे काही होतं त्यावर स्वतंत्र लेख होईल. सध्या एवढंच सांगतो की हल्ली आमच्याही ओट्यावर चौदा चित्रं आहेत.

दादांना सेरेब्रल पाल्सी. हात-पाय स्वतःच्या मर्जीने वागतात, बोलणं फक्त त्यांच्या बहिणीला कळतं, डोकं मात्र माझ्याहून धारदार. चाकाच्या खुर्चीत असतात. घराच्या दाराशी उतार केलाय. पहिल्याच दिवशी मी तो बघून सांगितलं की उतार एकास बारा हवा, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. हे बरोबरही होतं. ताई खूश झाल्या. पण उतारावरून खुर्ची खाली आणताना आपण पाठमोरं चालायचं असतं, म्हणजे माणूस पुढे कलंडत नाही. तेही मी शिकलो, आणि एप्रिलमधल्या एका सकाळी, हौसेने लवकर आलेलो असताना, दादांना अतिशय शास्त्रशुद्ध रीतीने, गुडघे किंचित वाकवून, पाठमोरा खाली घेऊन आलो. मागे काय आहे ते बघायचं, असं कुठल्या नियमात नव्हतं. मागे घरकामाच्या मावशींच्या कुरडया होत्या. नुकत्याच घातलेल्या, ओल्या, दोन साड्यांवर ओळीने. मी एकेका पावलाला चार-चार करत अर्धी साडी पार केली. झालेला चुराडा दादांना समोर दिसत होता, ते आवाज करून सांगतही होते, आणि मी त्यांना धीर देत होतो : “घाबरू नका, मी आहे ना.”

“काय करूलालाव सर!” मावशी किंचाळल्या.

पायाला घोट्यापर्यंत चीक. न्हाणीत गेलो, एक बादली ओतली, चीक नुसता पसरला. दुसरी बादली नळाखाली लावली तोच पाणी बंद. दाराबाहेरून आवाज : “एक. एक. एक.” हे बापू. बापूंना स्वमग्नता आहे. एकदा ठरलं ते ठरलं, त्यात बदल म्हणजे आभाळ कोसळणं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टँकरच्या वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, पण तोवर लातूरकराच्या अंगात तांब्यातांब्याचा हिशोब मुरला होता. त्या उन्हाळ्यात बापूंच्या वडिलांनी नियम केला, माणशी एक बादली. मग पाऊस आला, वडील गेले, नियम राहिला. सगळं शहर तो उन्हाळा विसरून गाड्या धुवायला लागलं. बापू तेवढे विसरलेले नाहीत. त्यांच्या बाजूने बघितलं तर न्हाणीत पाण्याची चोरी चालू होती आणि चोर निवृत्त मास्तर होता. कॉक त्यांनी बाहेरून फिरवला होता आणि त्यावर हात ठेवून ते उभे होते. मी आतून विनवण्या केल्या, नळाला किती पाणी आहे ते लिटरमध्ये सांगितलं. “एक.” त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा चीक वाळून माझ्या पायांवर उत्तम प्रतीची कुरडई तयार झाली होती. फक्त तळायची राहिली होती.

पण माझी खरी फजिती दादांच्या अक्षरफळ्याने केली.

हा फळा म्हणजे जाड पुठ्ठ्यावर लिहिलेली बाराखडी, वर पारदर्शक कागद चिकटवलेला. दादा उजव्या हाताच्या मुठीने एकेक अक्षर दाखवतात. मूठ अक्षरापर्यंत सरळ जात नाही. आधी वर उडते, मग बाजूला, मग एखाद्या घारीसारखी घिरट्या घालून नेमकी खाली येते. एका अक्षराला कधी दहा सेकंद, कधी वीस. समोरच्याने वाट बघायची, मध्ये शब्द पुरा करायचा नाही, हा ताईंचा तिसरा नियम. वाट बघायची! मी! ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्याच्या तोंडातून ‘समजा क्ष’ बाहेर पडायच्या आधी उत्तर सांगितलं तो!

एका संध्याकाळी दादांनी फळा मागितला. मूठ उडाली, घिरट्या घातल्या, ‘प’वर आली. मग काना. पा.

“पाणी!” मी म्हणालो आणि धावत पेला आणला. दादांनी डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे ‘नाही’. पुन्हा ‘पा’. “पाय? पाय दुखतो?” मी पाय चोळायला घेतले. डोळे मिटले. “पापड? पान? पावडर लावू का पाठीला?” मी एकेक वस्तू आणत होतो. टेबलावर पेला, पावडरचा डबा, उशी आणि कालचं वर्तमानपत्र जमा झालं. वर्तमानपत्र का, ते आता आठवत नाही, बहुधा ‘पेपर’ म्हणून. दादांनी इतका वेळ डोळे मिटून ठेवले की मला वाटलं झोपले. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिलं आणि मूठ अतिशय शांतपणे ‘ल’वर ठेवली.

पाल.

ती खांद्यावरून कॉलरमध्ये शिरली तेव्हा मी जे काही केलं त्याला नानांनी पुढे आठवडाभर ‘सरांचा गोंधळ’ असं नाव दिलं होतं आणि आल्यागेल्याला ते करून दाखवत होते. त्यात माझ्या कंबरेत उसण भरली. दादांनी खुर्चीवरून पाहिलं, अण्णांनी त्यांच्या पलंगावर मला आडवं केलं आणि गरम पाण्याची पिशवी आणून चुकून पोटावर ठेवली. दादांनी फळा घेतला. यावेळी मी पडल्या पडल्या, हलता येत नसल्यामुळे, पूर्ण वाक्य होईपर्यंत थांबलो. ‘दोनच अक्षरं होती सर.’

दादा दहावी लेखनिक घेऊन पास झालेत. अशा परीक्षार्थींना तासाला २० मिनिटं जादा मिळतात. हे मला पाठ होतं, कारण पर्यवेक्षक म्हणून मी त्या वर्गांवर कैक वेळा गेलो होतो आणि बाकीचा हॉल रिकामा झाल्यावर शेवटच्या बाकापाशी उभा राहून, घड्याळाकडे बघत, ऐकू जाईल असे उसासे सोडले होते. त्यातल्या एखाद्या बाकावर दादा होते की काय, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, ती यादी मी एकदा नीट वाचली. माझा प्रकार त्यात नाही.

३ डिसेंबरला आमच्याकडे केळी येतात. जागतिक दिव्यांग दिन. एरवी वर्षभर न फिरकणारी मंडळी त्या दिवशी डझनाने केळी, हार आणि फोटोवाला घेऊन येतात. मागच्या वेळी एका पाहुण्यांनी दादांना मोठ्याने, एकेक अक्षर तोडत विचारलं, “काय… हवं… तुम्हाला?” दादांनी फळ्यावर सावकाश उत्तर दिलं : ‘केळी सोडून काहीही.’ ते पुरं व्हायच्या आत पाहुणे फोटो काढून निघून गेले होते. ‘केळी’पर्यंत थांबले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी आणखी दोन डझन आली.

आता गंजगोलाईचा बाजार. नानांच्या शिकण्याच्या आराखड्यात एका महिन्याचं उद्दिष्ट होतं, बाजारात जाऊन टॉवेल आणणे, पैसे स्वतः देणे, सुटे मोजून घेणे. सोबत मी. खिशात हात. गोलाई १९१७ची, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवती १६ रस्ते फुटलेले. वर्गात मी यावर कोनाचं गणित घालायचो : ३६० भागिले १६, साडेबावीस अंश. प्रत्यक्षात त्या प्रत्येक साडेबावीस अंशात एक हातगाडा, दोन रिक्षा, एक बैल आणि ‘आत या, बघा तरी’ म्हणणारे तीन दुकानदार असतात. नानांनी एक टॉवेल निवडला, मग दुसरा, मग पहिला हाताने चोळून बघितला. मग पुन्हा दुसरा. मी हात खिशात इतके खोल घातले की शिवण उसवली. बारा मिनिटं झाल्यावर मला वाटलं, शेजारच्या दुकानात तोवर भाव विचारून ठेवावा म्हणजे वेळ वाचेल. विचारला. त्याच्या शेजारी स्टीलचे डबे होते, ते हिने सांगितले होते. वळून बघतो तो टॉवेलच्या दुकानात नाना नाहीत.

पुढची चाळीस मिनिटं मी गोलाईला किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही, हे मोजणाऱ्या माणसाच्या बाबतीत लक्षात घेण्यासारखं आहे. सोळाही रस्त्यांच्या तोंडाशी जाऊन हाका मारल्या, एका चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली, भुसार दुकानात डोकावलो तर त्याने तुरीचा भाव सांगितला, आणि ज्या ज्या दुकानातून ‘नाना’ म्हणून हाक मारली तिथून कुणी ना कुणी नाना बाहेर आला. लातुरात नाना फार. शेवटी ताईंना फोन करायला थरथरत्या हाताने मोबाइल काढला तर त्यांचाच आला.

“सर, कुठे आहात?”

“ताई, नाना…”

“नाना देवळाच्या पायरीशी उभे आहेत. चुकामूक झाली की तिथंच थांबायचं, हे त्यांना पाठ आहे. त्यांनी गळ्यातलं कार्ड पोलिसाला दाखवून इथे फोन लावला. म्हणाले, आमचे सर हरवलेत.”

गेलो. नाना टॉवेल काखेत घेऊन उभे होते, सुटे तेरा रुपये मुठीत, पूर्ण मोजलेले. शेजारी हवालदार. त्याने माझ्याकडे, माझ्या हातातल्या चपलेकडे आणि मग आपल्या वहीकडे पाहिलं. “वर्णन जुळतंय,” तो म्हणाला. वहीत नानांनी सांगितलेलं वर्णन होतं : उंच, चष्मा, घाई.

नानांनी माझा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

परवाची गोष्ट. जुलै, आभाळ भरून आलेलं. नऊ वाजले होते, मी रोजनामचा लिहीत होतो. दादांनी फळा मागितला. मी शहाण्यासारखा समोर बसलो, हात खिशात, तोंड बंद. ‘घ.’ “घाई” ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं. ‘र’, त्यावर वेलांटी. घरी. थांबलो. मूठ उडाली, फिरली, ‘ज’वर आली. काना. घरी जा.

मला लागलंच ते. इतके महिने आपण यांच्यासाठी काय काय केलं, कुरडया काय, पाल काय, आणि साधं बसू पण देत नाहीत. पण म्हटलं, स्पष्ट बोलतात ते बरं. “जातो, जातो,” असं म्हणून मी पिशवी उचलली आणि मागे वळून न बघता निघालो. मागे दादांची मूठ फळ्यावर आपटल्यासारखा आवाज आला, तो मी मुद्दाम ऐकला नाही. औसा रोडला लागेपर्यंत पावसाने मला असा धुतला की बापूंनी बघितलं असतं तर कॉक बंद केला असता. घरी पोचलो तेव्हा हिने विचारलं, “छत्री?” छत्री तिथेच, दाराच्या खिळ्याला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गेलो. दादा फळा मांडीवर घेऊनच बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी जिथे काल सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. ‘त’ला काना. ‘न’ला काना. मग ‘छ’. मी पूर्ण पावणेदोन मिनिटं थांबलो.

घरी जाताना छत्री न्या.

मी शिंकलो.